काचेला भाव आहे

गेंटच्या न्यायालयानं निकाल दिला :
छापलेले कागद जाळा,
काचा फोडू नका, काचेला भाव आहे.
म्हणून त्या चौदा पेट्या हातगाडीवरून
आमच्या लेडेबर्गच्या अंगणात आल्या,
किलोच्या हिशेबानं.
अट एवढीच, की सरकारी माणसासमोर
एकूण एक काच धुऊन निघाली पाहिजे.

सरकारी माणूस म्हणजे हवालदार व्हर्स्टिखेल.
पहिल्या पेटीला तो पाठ करून उभा राहिला,
बघणंही गुन्ह्यात बसतं का, हे त्याला नक्की ठाऊक नव्हतं.
दुसऱ्या पेटीला बसला.
तिसरीला बीअर मागितली,
आणि सही करून गेला
उरलेल्या अकरांसकट.

कढत पाणी, धुण्याचा सोडा, जस्ताचं टब.
काच बुडवली की आधी काहीच होत नाही.
मग कडेनं सुटू लागते
दुधावरची सुटावी तशी साय,
आणि सायीबरोबर एक माणूस.
खांदा सुरकुततो,
मांडीला घडी पडते, तळाशी जाते.
किती जण विरघळवले मी त्या आठवड्यात.

उलट्या उजेडातले सगळे.
अंग कोळशासारखं, मिशा पांढऱ्याफेक,
बुबुळांत दिवे लावल्यासारखे.
देवबिव कुणी नव्हते,
गोदीतले हमाल, गिरणीतले विणकर, एक पाववाला.
एकाला पुठ्ठ्याच्या खांबाला टेकवलेलं,
डोक्यावर द्राक्षाच्या पानांची माळ
आणि पोटऱ्यांवर
नुकत्याच उतरवलेल्या मोज्यांचे वळ.
त्या वळांचं मला हसू आलं,
मग हसू गेलं.

फोटोवाल्या लीव्हिनसला सहा महिने झाले.
त्याचा वकील म्हणे, दार लावून
दोन पुरुषांनी काय करावं
याला आपल्याकडे कलम नाही.
कलम आहे ते दाराबाहेर आलेल्या कागदाला.
म्हणजे जगायला हरकत नाही,
दिसायला आहे.

नवव्या पेटीत एक काच
वर्तमानपत्रात वेगळी गुंडाळलेली.
दोन माणसं बाकावर.
एक आपल्याकडे पाठ करून बसलेला,
डाव्या फऱ्याखाली घेवड्याच्या दाण्याएवढा डाग,
बॉयलरची नळी लागते तसा.
ती पाठ मला पाठ आहे.
थंडीत त्या डागावर हंसाची चरबी चोळते मी,
सतरा हिवाळे झाले,
आणि दर वेळी मेडार्ड स्स् करून अंग चोरतो.

दुसऱ्याचा चेहरा हलल्यामुळे धुकट.
हात मात्र हललेला नाही.
तळवा पाठीवर,
भाजलेल्या जागेला लागू नये
इतकंच अंतर राखून.

ते अंतर मला कधी सापडलं नव्हतं.

पाणी निवलं. मी परत तापवलं. परत निवलं.
मग ती काच तशीच कोरडी नेली
आणि काचघराच्या छपरात, चौथ्या ओळीत,
सायीची बाजू आत करून बसवली,
म्हणजे पाऊस लागणार नाही.
पुट्टी दाबली. बोटांना जवसाच्या तेलाचा वास
रविवारच्या प्रार्थनेपर्यंत राहिला.

मे महिन्यात, अकराच्या सुमारास,
मेडार्ड सदरा काढून बिगोनियाच्या कुंड्या हलवत होता.
वाकला,
आणि त्याच्या पाठीवर त्याची पाठ पडली.
धूसर, एखाद्या ढगाएवढी.
हात कुठे पडला ते दिसलं नाही.
तो ताठ झाला. वर पाहिलं.
मान अवघडेपर्यंत पाहत राहिला.
मी पाण्याची झारी भरत होते,
भरून सांडली तरी भरत होते.

"ही एक धुवायची राहिली," तो म्हणाला.
"सोडा संपला," मी म्हणाले.
फडताळात दोन पुडे होते.
फडताळ त्यानंच बनवलेलं.

जूनमध्ये छपराला चुना मारायचा असतो,
नाहीतर उन्हानं पानं भाजतात.
शिडी त्यानं धरू दिली नाही,
एकट्यानंच सगळं छप्पर पांढरं केलं.
चौथ्या ओळीखालची बिगोनिया
यंदा अर्धी करपली.
बाजाराच्या दिवशी तिचं
आम्ही दोघंही विसरलो.